जुनं वरचं, नवं मधलं

— नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू, डॉक्टर, इकडे खुर्चीवर या. ते डगमगतं. एक पाय आखूड आहे त्याचा. दुरुस्त करता येत नाही असं नाही, दोन मिनिटांचं काम आहे, खाली एक रबराचा तुकडा ठोकला की झालं — मीच मुद्दाम ठेवलंय तसं. एका गिऱ्हाइकासाठी. ते जाऊ दे. तुमचं काय चाललं होतं? हां, तर फ्रेम तुमच्याकडे आहे, चांगली आहे, मघाशी बघितली मी, वेल्डिंग स्वच्छ आहे, कुठं चेपलेली नाही. आता त्यावर बसवायचा गिअरचा सेट. म्हणजे हॅंडलवरचे गिअर बदलायचे दोन शिफ्टर, चेन सरकवणारं पुढचं-मागचं डिरेलर, पेडलचं क्रँक, मागच्या चाकावरची दातेरी कॅसेट, चेन, ब्रेक, सगळं. आणि तुमच्यापुढे दोन पर्याय. एक, दहा-बारा वर्षांपूर्वीचा, पण त्या काळचा सगळ्यात वरच्या दर्जाचा, वापरलेला. दुसरा, यंदाचा, करकरीत नवा, पण मधल्या दर्जाचा. किंमत दोन्हीची साधारण सारखीच. बरोबर? मग ऐका. नवं मधलं घ्या. झालं, मिटलं. चहा घेणार?

नाही ना मिटलं. बघा, तुम्ही उठला नाहीत. कारण तुम्ही उत्तर विचारायला आलाच नव्हता, तुम्हाला 'जुनं घ्या' हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी ते डोळे ओळखतो. रोज येतात इथं असे डोळे. फोटोत ते पॉलिश केलेलं क्रँक बघितलेलं असतं, ती चमक, तो बारीक कोरलेला जुना अक्षरांचा ठसा, आणि मनात एकच — आपण तरुण होतो तेव्हा हे परवडत नव्हतं, आता परवडतंय. बरोबर? हसू नका, मी चेष्टा करत नाहीये. माणूस पार्ट कुठं विकत घेतो, माणूस आपलं राहून गेलेलं विकत घेतो. तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? मग निम्मं काम सोपं झालं. हे बघा, इकडे उजेडात धरतो. हे चेनरिंग, पेडलजवळचं दातेरी चाक, नवं. दात कसे आहेत? बोथट, चौकोनी, दोन्ही बाजूंना सारखे. आणि आता हे जुनं — बघा, एका बाजूला कललेत, टोकं आलीत, मधे कसे खळगे पडलेत. तुम्ही म्हणाल कीड लागली. कीड नाही, झीज. पण तुमच्याकडे निदान दात पडला तर दुसरा बसवता येतो. इथं कंपनीनं तो दात करणं बंद केलं की तोंड उघडं पडलं. कुठून आणणार? जुन्या वरच्या सेटची हीच गोम. चालतो लोण्यासारखा, मी नाही म्हणत नाही, गिअर असा पडतो की बोटाला नुसती चाहूल लागते. पण शिफ्टरच्या आत एक स्प्रिंग असते — केसाएवढी — ती तुटली की अख्खा शिफ्टर गेला, आणि तो आता कुठं मिळत नाही. आणि नवं मधलं म्हणजे काय? दहा वर्षांपूर्वी वर जे होतं तेच झिरपत झिरपत मधे आलेलं. थोडं जड, चमक कमी, पण काम तेच. आणि पार्ट कुठल्याही दुकानात. सायकल बिघडली, तुम्ही गेलात, लावला, निघालात. कुणाच्या दारात उभं राहायला नको. कुणाचं तोंड बघायला नको. हे मी तुम्हाला सांगतोय ते फार महत्त्वाचं सांगतोय. कुणाच्या दारात उभं राहायला नको.

का म्हणजे काय? कारण मी एका माणसाला उभं केलंय. चार वर्षं. याच दुकानात, या टेबलापलीकडे. त्याला मी बरोबर उलटं सांगितलं होतं — जुनं वरचं घ्या. आणि माहीत असून सांगितलं. आता तुम्ही असं बघताय म्हणून — नाही, तुम्हाला मी खरं सांगितलं, तुमचं माझं काही वैर नाही. त्याचं होतं.

कॅप्टन म्हणायचे सगळे त्याला. लष्करातला नव्हे, आमच्या सायकल क्लबचा कॅप्टन. मी त्या क्लबचा मेकॅनिक होतो, अकरा वर्षं. शर्यतीच्या आदल्या दिवशी चौदा सायकली माझ्या हाताखालून जायच्या आणि प्रत्येकीचं माप माझ्या वहीत असायचं — सीट किती उंच, हॅंडल किती खाली, स्टेमखाली चकत्या किती. स्टेम म्हणजे हा तुकडा, हॅंडल चाकाच्या दांड्याला पकडून ठेवतो तो; आणि चकत्या म्हणजे ह्या, ह्या गोल कड्या, हॅंडल वर-खाली करायचं असलं की ह्या स्टेमच्या खाली किंवा वर घालायच्या. त्यासाठी सगळे बोल्ट सैल करून स्टेम पूर्ण बाहेर काढावा लागतो, आणि मग परत बसवून सगळं आवळायचं — आवळायला एक खास पाना लागतो, नेमक्या जोरावर टिक करतो तो. साध्या पान्यानं अंदाजानं आवळायचं नसतं. हे ध्यानात ठेवा. कॅप्टनच्या स्टेमखाली दोन चकत्या होत्या. दोन खाली, वर एकही नाही. मी घातल्या होत्या, मी आवळलं होतं, मी लिहिलं होतं.

एकोणीस वर्षं झाली. घाटातली शर्यत होती, उताराला कॅप्टन पुढे, आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा. देखणा चालवायचा हो. मी भाऊ म्हणून सांगत नाही — माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून इतरांना बघायची आणि तो आला की गप्प व्हायची. तर तिसऱ्या वळणावर कॅप्टननं हॅंडल वळवलं, हॅंडल वळलं, चाक वळलंच नाही. स्टेम सैल. तो सरळ कठड्यावर गेला, खरचटलं, मनगट मुरगळलं. माझा भाऊ त्याच्यावर आदळून वरून पलीकडे गेला. खुब्याचं हाड. तीन ऑपरेशनं. आजही चालतो तो असा, एक खांदा आधी पुढे टाकून. पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर असतो, बसून काम, बरं आहे तसं.

आणि मी कॅप्टनची ती सायकल बघितली, पडल्यानंतर दहा मिनिटांत, माझ्याच गाडीत ठेवली होती ती. एक चकती खाली, एक चकती वर. खाली एक, वर एक. तुम्ही हुशार आहात, तुम्हीच सांगा, पडल्यावर चकती खालून वर जाते? स्टेमच्या आरपार? कुणीतरी सगळं उघडलं होतं, हॅंडल बोटभर खाली घेतलं होतं आणि साध्या पान्यानं अर्धवट आवळलं होतं. सकाळी. त्याला उतारावर आणखी वाकून बसायचं होतं, वाऱ्यात, आणि मला उठवायचा त्याला कंटाळा आला. एवढंच. कुणाला मारायचं नव्हतं त्याला, मला माहितीये. एवढी क्षुल्लक गोष्ट. तो दुसऱ्या दिवशी म्हणाला असता ना — 'मी उघडलं होतं, माझं चुकलं' — तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या, महिनाभर बोललो नसतो, आणि मग बोललो असतो. पण क्लबच्या कमिटीसमोर तो हात गळ्यात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, 'सायकल मी आदल्या संध्याकाळी मेकॅनिककडे दिली, त्यानंतर मी तिला हात लावलेला नाही.' माझ्याकडे बघून म्हणाला. खाली बघून नाही. मी वही दाखवली, चकत्या दाखवल्या. कमिटीत एक वकील, एक बिल्डर, एक कुणाचे तरी सासरे. ते म्हणाले, वही काय, वहीत कुणीही काहीही लिहील. कॅप्टनच्या नावावर क्लबला पैसे येत होते, मेकॅनिकच्या नावावर कुणी देत नाही. मला काढलं. काढलं ते काढलं, त्याचं मला काही नाही, हात आहेत तोवर मेकॅनिक कुठंही जेवतो.

घरचं सांगतो. आई आठ वर्षं जगली त्यानंतर. आठ वर्षांत तिनं मला एकदाही दोष दिला नाही. फक्त मधेच, भाजी निवडताना, टीव्ही बघताना, हळूच विचारायची — 'तू तो बोल्ट आवळला होतास ना रे?' मी म्हणायचो, आवळला होता. ती म्हणायची, 'हो ना, मला माहितीये.' आणि महिन्याभरानं परत विचारायची. शेवटच्या आठवड्यातही विचारलं. आणि धाकटा — धाकटा त्याहून वाईट. त्यानं मला माफ केलंय. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणतोय? मी काही केलंच नाही आणि त्यानं मला माफ केलंय. मी विषय काढला की म्हणतो, 'जाऊ दे ना दादा, होतं कधी कधी. तूही दमलेला होतास.' इतक्या मायेनं म्हणतो की वाटतं त्याच्या थोबाडीत द्यावी. मी दमलेला नव्हतो. त्या रात्री मी आठ तास झोपलो होतो.

तर चार वर्षांपूर्वी एक दिवस दुपारी कॅप्टन या दारात उभा. केस गेलेले, पोट सुटलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, व्यायाम करा, रक्तदाब आहे. म्हणून सायकल परत सुरू करायची होती. मला म्हणाला, 'ओळखलंस का?' मी म्हटलं, 'या, कॅप्टन.' त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही. म्हणाला, जुनी फ्रेम आहे, तिच्यावर काय बसवू — जुनं वरचं मिळतंय ते घेऊ, की नवं मधलं? तुमचाच प्रश्न. शब्द न शब्द तोच. आणि डॉक्टर, मला त्या क्षणी जे सुचलं ना, तितकं झटकन मला आयुष्यात दुसरं काही सुचलेलं नाही. मी म्हटलं, 'तुमच्यासारख्या माणसानं मधलं घ्यायचं? मधलं लोकांसाठी असतं, कॅप्टन.' छाती अशी फुगली त्याची. घेतलं त्यानं जुनं. मी स्वतः बसवून दिलं, मन लावून, सुंदर बसवलं.

आणि मग मी कामाला लागलो. त्या सेटचे पार्ट जिथं जिथं असतील तिथून मी उचलायला सुरुवात केली. तीन दुकानं बंद होत होती, त्यांचा माल उचलला. एक म्हातारा रेसर वारला, त्याच्या मुलाकडून खोकं उचललं. हे मागचे ड्रॉवर दिसतायत ना, वरून खालपर्यंत — सगळं तेच. चारी बाजूंनी मी नाकेबंदी केली. वर्षभरात अशी वेळ आली की त्या माणसाला एक साधा बुशसुद्धा हवा असला तरी माझ्याशिवाय दार नव्हतं. आणि तो यायचा. यायला लागायचं. आणि मी त्याला त्या स्टुलावर बसवायचो. डगमगत्या. माझ्यापुढे काही काम नसलं तरी अर्धा तास बसवायचो, काहीतरी पुसत राहायचो. ज्यानं मला क्लबमधून काढलं तो माणूस माझ्या दुकानात एक ढुंगण टेकवून तोल सांभाळत बसलाय — तुम्हाला सांगतो, आठवडाभर झोप छान लागायची.

आणखी सांगू? सांगतोच, आता काय. मी त्याला अर्धी झिजलेली चेनरिंगं दिली. नवी ड्रॉवरमध्ये असताना. म्हणजे चेन लवकर जाईल, चेन गेली की कॅसेट जाईल, परत येईल. हो, लबाडी. लबाडीच. तुम्ही तुमच्या पेशंटला असं केलं तर तुमचं लायसन्स जाईल, माझं लायसन्सच नाही. पण एक — ब्रेकला मी कधी बोट लावलं नाही. ब्रेक, स्टेम, हॅंडल, जिथं जीव असतो तिथं मी त्याला जे दिलं ते उत्तमातलं उत्तम. स्टेम तर दर वेळी, तो सांगो न सांगो, त्याच्यासमोर आवळायचो, त्या टिक करणाऱ्या पान्यानं. टिक. त्याच्याकडे बघत. चार बोल्ट, चार वेळा टिक. तो बघायचा आणि मान खाली घालायचा. त्याला एकदा तरी तोंड उघडावं लागेल असं मला वाटायचं. कमिटी नको मला, पेपरात नको. फक्त माझ्या भावासमोर एक वाक्य. 'स्टेम मी उघडला होता.' चार शब्द. ते बोलला असता तर हे सगळे ड्रॉवर मी त्याच्या पायावर ओतले असते.

मग मागच्या वर्षी त्याचा डावा शिफ्टर गेला. आतली तीच स्प्रिंग. मला म्हणाला, 'मिळेल का?' मी म्हटलं, बघतो, मागवतो. मागवायचं काय, होता माझ्याकडे. एकच होता, पण होता. हा इथं, तिसरा ड्रॉवर, फडक्यात गुंडाळलेला. दर पंधरा दिवसांनी यायचा, दारातूनच विचारायचा, 'आला का?' मी म्हणायचो, 'नाही आला.' तरी बसायचा. आठ महिने असं चाललं. आला का — नाही आला. आला का — नाही आला. आणि आता चार महिने झाले, फिरकलाच नाही. सुटला. मला काय वाटतं, गेला असेल कुठल्या तरी शोरूममध्ये, घेतलं असेल नवं मधलं, आणि सुटला असेल माझ्या तावडीतून. म्हणून म्हणतो तुम्हाला, नवं घ्या, माणूस सुटतो.

बरं, दाखवा तो फोटो. कुठला सेट म्हणताय ते तर बघू. चष्मा — थांबा. हां. मोठं करा जरा. हं. पॉलिश तर छान ठेवलंय… इकडे करा. डावीकडचा शिफ्टर दाखवा. त्यावर निळी टेप आहे.

ही टेप माझी आहे. रबर फाटलं होतं, मी गुंडाळली होती. डॉक्टर, हा त्याचा सेट आहे. हा कॅप्टनचा सेट आहे. तुम्ही त्याच्याकडे गेला होता? विकतोय तो? विकतोय म्हणजे शेवटी मधलं घेतलंच त्यानं — काय म्हणाला? माझं नाव घेतलं का? त्यानं नाही दाखवला? मग कोणी, बायकोनं? आणि तो कुठं होता? खिडकीशी. खुर्चीत. मग त्याला विचारायचं ना तुम्ही, सेट त्याचा आहे, बायकोला काय कळतंय त्यातलं, तो काहीच बोलला नाही?

बोलत नाही म्हणजे?

कधी झालं? चार महिने. हो, बरोबर, चार महिने. लकवा? उजवी बाजू? आणि वाचा — पूर्ण गेली? म्हणजे अगदी एखादा शब्दसुद्धा? नुसता आवाज. हं.

चांगलं झालं. नाही, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला वाईट वाटत असेल, वाटू दे, मी म्हणतो चांगलं झालं. एका खोट्या वाक्यावर एकोणीस वर्षं जगला, आता बस म्हणावं तसाच, गप्प. माझा भाऊ खांदा पुढे टाकत चालतो, आता तू पाय ओढत चाल. मिटलं. मला काय — मला काही नाही. फक्त ते वाक्य आता — ते राहिलंच की. ते आता कोण बोलणार? तो घेऊनच बसला ना ते आत. आता जगात ते वाक्य बोलू शकणारा माणूसच नाही. मी दहा वेळा बोललो, माझ्या तोंडून त्याला किंमत नाही. म्हणजे जिंकलाच तो. अर्धा लुळा होऊन जिंकला.

काय? दुसरी सायकल? कुठं, हॉलमध्ये? कसली होती? नीट आठवा. काळी… शिफ्टरवर काय लिहिलं होतं? हो, तेच मधलं. नवं मधलं. आता घेतली असेल बायकोनं मुलाबिलासाठी. — दोन वर्षं? तिनं सांगितलं दोन वर्षं? 'रोज तीच चालवायचे.' आणि जुनी? 'जुनी फक्त मेकॅनिककडे न्यायचे.' असं म्हणाली? याच शब्दांत? टायर बघितलेत तुम्ही त्या काळ्या सायकलीचे? मधोमध झिजून सपाट झालेले होते? होते.

थांबा. एक मिनिट थांबा. मला पाणी पिऊ द्या.

चेन मोजायची एक पट्टी असते माझ्याकडे, ही. चेनमध्ये घातली की कळतं किती चाललीये. कॅप्टनची चेन मी दर वेळी मोजायचो — किती घासलीये, कधी परत येईल, त्याचा हिशोब. आणि गेली दोन वर्षं ती घासतच नव्हती. पट्टी आत जायचीच नाही. मला वाटलं, वय झालं, कमी चालवत असेल. मी मनात हसलोसुद्धा. म्हणजे तो ती चालवतच नव्हता. त्याला चेन नको होती, बुश नको होता, शिफ्टर तर नकोच होता. घरी नवी सायकल उभी होती. आणि तो ही जुनी गाडीत घालून माझ्याकडे आणायचा, त्या स्टुलावर बसायचा, अर्धा-पाऊण तास, मी पुसत बसायचो ते बघत, 'आला का' विचारायचा, 'नाही आला' ऐकायचा आणि जायचा. दोन वर्षं. मी त्याला अडकवलं होतं असं मी समजत होतो. तो अडकलेलाच नव्हता.

मग कशाला यायचा? मला विचारताय? तुम्ही सांगा ना, तुम्ही शिकलेल्या आहात. दया आली असेल माझी. बसू दे बिचाऱ्याला सूड घेत, एवढंच आहे त्याच्याकडे. असंच असणार. मला तेवढंसुद्धा ठेवलं नाही या माणसानं. सूड माझा, तोही त्याच्या परवानगीनं चाललेला.

नाही. असं नव्हतं. मला माहितीये तुमच्या मनात काय आहे. असं नव्हतं ते. एकदा — शेवटचा आला तेव्हाच, आजारी पडायच्या थोडे दिवस आधी असेल, मला तारीख नका विचारू — मी म्हटलं 'नाही आला', तरी उठेना. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मग म्हणाला, 'एक सांगायचं होतं. धाकट्याबद्दल. त्या दिवसाबद्दल.' असं म्हणाला. एवढं स्पष्ट म्हणाला. आणि मी — आता बघा, एकोणीस वर्षं मी ज्याच्यासाठी बसलो होतो ते समोर येऊन बसलंय — आणि मी उठून कॉम्प्रेसर चालू केला. हा कॉम्प्रेसर. हा सुरू झाला की इथं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. मला त्याला आणखी एक फेरी मारायला लावायची होती. म्हटलं, इतक्या सहज नाही. पुढच्या वेळी सांग, तेव्हा बघू. दोन टायरमध्ये हवा भरली, भरलेलीच होती ती, उगाच भरली. त्याचे ओठ हलत होते. एकदा मला वाटलं त्यानं भावाचं नाव घेतलं. मग उठला, माझ्या खांद्याला असा हात लावला आणि गेला. मी खांदा झटकला होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुम्ही सायकलीचं विचारायला आलात.

असं नका बघू माझ्याकडे. मला दया-बिया नकोय, आणि मला पश्चात्तापही झालेला नाही. राग गेलेला नाही माझा, तुम्हाला वाटत असेल गेला. तो कुठंही गेलेला नाही. मला एक सांगा, डॉक्टर म्हणून सांगा — त्याला ऐकू येतं? समजतं? सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. बरं. आणि मान? मान हलवता येते का त्याला? हो-नाही करतो? बायकोनं पाणी हवं का विचारलं तेव्हा हलवली. तुम्ही बघितलीत.

मग झालं की. चार शब्द कशाला हवेत? मी बोलतो, त्यानं मान हलवायची. भाऊ आता दुकानात असेल, जेवायची सुट्टी व्हायची आहे त्याची. त्याला रिक्षात घालतो आणि नेतो, तो नाही म्हणेल, 'जाऊ दे दादा' म्हणेल, तरी नेतो. खिडकीशी त्या खुर्चीपुढे उभा करतो, आणि कॅप्टनला विचारतो. तो स्टेम कुणी उघडला? तू उघडलास? हलव मान. माझ्या भावाकडे बघून हलव. रडला तर रडू दे. बायको मधे पडली तर तिलाही ऐकू दे. दुष्टपणा आहे, मला माहितीये, तुम्ही सांगायची गरज नाही. आजाऱ्याच्या दारात जाऊन — हो, जाणार. एकोणीस वर्षं आहेत ती. आणि काय सांगावं, तो चार महिने त्या खिडकीतून कुणाची वाट बघतोय ते तुम्हाला तरी कुठं माहितीये?

नाही, तुम्ही येऊ नका. तुमचं काही काम नाही तिथं. सेट घ्या नाहीतर नका घेऊ, मला आता त्यातलं काही विचारू नका. फ्रेम राहू दे इथं, उद्या या, परवा या. नाही, बारा वाजलेत म्हणून नाही. उठा, डॉक्टर. मला शटर ओढायचंय.